निजवलेला गोलकीपर

आमचा फुटबॉल क्लब गेल्या हंगामात तक्त्यात सगळ्यात खाली राहिला, त्याला मी जबाबदार आहे. हे माझं मत नाही. माझं मत असं की बचावफळी नावाचा प्रकार आमच्याकडे नव्हताच, फॉरवर्डांना आपला गोल कुठल्या बाजूला आहे हे हाफटाइमनंतर आठवत नसे, आणि कोच कोणी काहीही म्हटलं तरी मान डोलवत असे. पण घरात माझं मत कोणी विचारत नाही. सासऱ्यांचं मत असं आहे की मी गोलकीपरला झोपवलं. दुर्दैवाने तेवढं मात्र खरं आहे. (क्लबचं नाव मी लिहीत नाही. त्याची व्हायची तेवढी बदनामी झालेली आहे, शिवाय सासरे हे वाचण्याचा संभव आहे.)

मी मूळचा सांगलीचा. रेल्वेच्या कचेरीत लागलो आणि चेन्नईला येऊन पडलो. तिरुवल्लिकेणी भागातल्या एका मॅन्शनमध्ये खोली मिळाली. मॅन्शन या शब्दाने कोणी फसू नये. एका जिन्याभोवती रचलेल्या ब्रह्मचाऱ्यांच्या खोल्या, प्रत्येक दारावर वाळत घातलेली लुंगी, एवढंच ते वैभव. शनिवार संध्याकाळ खायला उठायची, म्हणून मी स्टेडियमवर जाऊ लागलो. तिथे शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ असत. खाली पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, वर क्लबची जांभळी जर्सी. गोल हुकला की ते तमिळमध्ये शिव्या देत आणि मग स्वतःशी मराठीत हळहळत. हे सेतुराव. घराणं तंजावरचं, मराठी पिढ्यानपिढ्या जपलेलं, माझ्या मराठीपेक्षा जुनं आणि सभ्य. मी सांगलीचा आहे कळल्यावर त्यांनी मला सामना संपताच घरी जेवायला नेलं. पुढे त्यांच्या मुलीशी, कावेरीशी, माझं लग्न झालं. म्हणजे मी जावई नंतर झालो, आधी शेजारच्या खुर्चीवरचा माणूस होतो, आणि मनातलं सांगायचं तर मला तेच नातं मोठं वाटतं. कावेरीलाही हे ठाऊक आहे.

गेली काही वर्षं अप्पांच्या, म्हणजे सेतुरावांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू होता. मैदानाची आपल्याकडची बाजू त्यांना दिसे, पलीकडचा गोल म्हणजे नुसतं धुकं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "हंगाम संपूं द्या." तेव्हा पलीकडे काय चाललंय ते मी त्यांच्या कानाशी वाकून सांगायचो. हे माझं काम होतं आणि ते मी मन लावून करायचो. आता सांगताना थोडं इकडेतिकडे व्हायचंच. आमच्या माणसाने बॉल पार प्रेक्षकांत मारला तरी मी म्हणायचो, "थोडक्यात गेला अप्पा." ते मांडीवर थाप मारून हळहळायचे आणि खूश व्हायचे. म्हाताऱ्या माणसाचा शनिवार कशाला नासवायचा?

तर गेल्या वर्षीचं नवरात्र. आमच्या सासरी कोलू मांडतात. पायऱ्या रचायच्या, त्यांवर देवदेवता, राजे, वाणी, वाजंत्री अशा बाहुल्या बसवायच्या, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं आणि सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, वाटायचं. पायथ्याशी मातीत मोहरी पेरून हिरवळ उगवतात, तिच्यात कोणी बाग करतं, कोणी प्राणिसंग्रहालय. मी म्हटलं, यंदा फुटबॉलचं मैदान करू. अप्पा लहान मुलासारखे उठून उभे राहिले. अम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. त्यांच्याकडे होकार देण्याची तीच पद्धत आहे.

बाजारात फुटबॉलच्या बाहुल्या मिळेनात. क्रिकेटचा संच मात्र ढिगाने. मी तोच आणला, बॅटी मोडून टाकल्या आणि सगळ्यांना जांभळा रंग दिला. विकेटकीपरच्या हातांत ग्लोव्हज होतेच, त्याला गोलकीपर केलं. तो बिचारा ओणवा होता, त्यामुळे गोलकीपरपेक्षा पडलेलं काहीतरी शोधणारा माणूस वाटायचा, पण चाललं. प्रश्न कोचचा होता. अप्पांची नजर वरच्या पायरीवरच्या डोलणाऱ्या राजावर गेली. तंजावरची ती बाहुली, पोट सुटलेली, मान वेगळी आणि अलगद बसवलेली, जरा हवा लागली की हो हो म्हणत डोलणारी. अम्मांच्या आईने त्यांना माहेराहून निघताना दिलेली.

"कोच तोच," अप्पा म्हणाले. "अस्क्याला होय म्हणतो." अस्क्याला म्हणजे सगळ्याला.

"माझ्या राजाला चिखलांत बसिवणार?" अम्मा म्हणाल्या.

"चिखलांत नाहीं. रेघेबाहेर."

अम्मांनी सुस्कारा सोडला. राजा खाली आला.

कोलूचा शेवट असा असतो की विजयादशमीला आरती झाली की एक बाहुली आडवी निजवायची. निजवली म्हणजे कोलू संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत जातात आणि ट्रंक माळ्यावर. पुढच्या नवरात्रापर्यंत ती उघडायची नाही. निजवायचा मान आमच्या घरी लाकडी राजा-राणीच्या जोडीचा, आणि ते काम अम्मांचं. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माप्पिळ्ळै, तेवढं निजिवून टाका." माप्पिळ्ळै म्हणजे जावई. हे ऐकलं की मला उगाच जबाबदार वाटायला लागतं.

राजा-राणी सगळ्यात वरच्या पायरीवर होते. स्टूल आणायला हवं होतं. आणि खाली, ओल्या मातीत, गोलकीपर आधीच कलला होता. मी विचार केला, बाहुली ती बाहुली. याला निजायची हौसही दिसतेय. मी त्याला मोहरीच्या हिरवळीवर आडवा केला आणि (इथे माझी रसिकता नडली) खिशातला रुमाल त्याच्या अंगावर पांघरूण म्हणून घातला. लांबून बघितलं, फार गोड दिसत होता.

हंगामातला पहिला सामना. प्रतिस्पर्ध्यांच्या एका माणसाने, अगदी वेळ जात नाही म्हणून मारावा तसा, बॉल आमच्या गोलकडे ढकलला. आमचा गोलकीपर त्याच्याकडे बघत राहिला. बॉल त्याच्या पायांमधून आत गेला, आणि मग तो खाली बसला.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"थोडक्यात आत गेला," मी म्हणालो.

मग आणखी काही थोडक्यात आत गेले. घरी आलो तेव्हा आमची तोंडं बघून अम्मांनी न विचारता कापी, म्हणजे कॉफी, ठेवली. अप्पा म्हणाले, गोलकीपर झोपला होता काय कोण जाणे. अम्मा डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कापी ओतता ओतता सहज म्हणाल्या, "निजणारच की. बांधतांना बघितलें मी. रुमाल पांघरून पडला होता."

अप्पांचा हात तोंडाशी थांबला. "कोण?"

"तुमचा गोलकीपर. माप्पिळ्ळैंनी त्यालाच निजिवलं."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बँकेतली त्यांची पुंजी जुगारात उडवून आलो आहे.

"अप्पा, ती बाहुली मातीची आहे हो."

"आणि मैदानांत उभा राहतो तो कसला आहे?"

मी म्हटलं, ट्रंक उघडू आणि त्याला उभा करून ठेवू. अम्मा म्हणाल्या, कोलूची ट्रंक मध्येच उघडलेली त्यांच्या आईच्या वेळेपासून कोणी ऐकलेली नाही आणि त्या जिवंत असेतो कोणी ऐकणार नाही. विषय संपला. गोलकीपर पुढच्या नवरात्रापर्यंत माळ्यावर झोपणार होता, आणि हंगाम तर नुकता सुरू झाला होता.

पुढच्या सामन्यापर्यंत ही बातमी आमच्या स्टँडमध्ये पसरली. अप्पांनी पसरवली. ढोल वाजवणारी पोरं माझ्याकडे बोट दाखवून एकमेकांच्या कानात बोलत. एक अनोळखी बाई येऊन माझा चेहरा नीट बघून गेल्या. आम्ही हरलो. त्याच्या पुढच्या वेळीही हरलो. अप्पा माझ्या शेजारीच बसत, पण "काय झालं" विचारण्याआधी जरा थांबायला लागले होते, आणि ते थांबणं मला हरण्यापेक्षा जास्त लागत होतं.

मग अप्पांनीच उपाय काढला. दृष्ट लागली तर इथे कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडतात. आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, फोडायचा आणि मागे वळून न बघता निघून जायचं. मी मांडीवर कोहळा घेऊन लोकलने स्टेडियमजवळच्या पार्क टाउन स्टेशनला गेलो. समोरच्या बाईने विचारलं, घरची वास्तुशांत का? मी म्हटलं, बचावफळी. स्टेडियमबाहेरच्या कोपऱ्यावर मी यथासांग ओवाळून तो जोरात आपटला. मागे बघायचं नाही हे मला माहीत होतं. पण नीट फुटला की नाही हे बघायला नको? मी वळलो. पाय गरावर पडला आणि मी कुंकवाच्या चिखलात सपाट झालो. घोटा इतका सुजला की मला रिक्षात घालून घरी पाठवलं. अप्पा सामन्याला एकटेच आत गेले.

त्या दिवशी आमचा क्लब जिंकला.

अप्पा परत आले ते जिन्यातूनच ओरडत. आम्ही त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. मी पाय उशीवर ठेवून पडलो होतो. त्यांनी माझा घोटा बघितला, मग मला बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समजूत पसरली.

"माप्पिळ्ळै, वाईट वाटून घेऊं नका. तुमी घरींच असा."

"घोटा बरा होईपर्यंत ना?"

"हंगाम बरा होईपर्यंत."

वाईट वाटलं. फार वाटलं. दर शनिवारी मी खिडकीतून त्यांना वेष्टी सावरत स्टेशनकडे जाताना बघायचो. कावेरी म्हणाली, "इतकं काय? टीव्हीवर बघ." तिला कसं सांगणार, मला सामना बघायचाच नव्हता. असल्या क्लबचा सामना स्वखुशीने कोण बघेल? मला तो सांगायचा होता. माझ्या खुर्चीवर आता आयटीतला एक मुलगा बसत होता. तो फोनमध्ये बघत असायचा आणि बॉल आत गेला की तेवढं सांगायचा, "गोल, अंकल." आमचा की त्यांचा, हे विचारायची गरज पडत नसे. कारण मी घरी बसलो तरी आम्ही पुन्हा हरायलाच लागलो होतो. तो एक विजय चुकूनच झाला असावा.

एका सकाळी अम्मा देवळात गेल्या आणि अप्पा वर आले. आवाज खाली उतरवून म्हणाले, "त्याला उठिवतां? उठला तर तुमी परत या. मी लोकांना सांगतों."

मी घोट्याची पट्टीही नीट बांधली नाही. खाली जाऊन स्टूल आणलं, माळ्यावर हात घातला. अप्पा स्टूल धरून उभे. (मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या हाती स्टूल आणि सुजलेल्या घोट्याच्या माणसाच्या हाती ट्रंक. कावेरी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी बघितलं नाही असं मला म्हणता यायला हवं," आणि निघून गेली.) ट्रंक खाली आली. धोतराची गाठोडी सोडत गेलो. वाणी निघाला, वाजंत्री निघाले, एक डिफेंडर निघाला, आणि शेवटी एका कोपऱ्यात, अजून रुमालातच, गोलकीपर. अप्पांनी दोन्ही हात पुढे केले. मी वळून त्यांना तो द्यायला गेलो, आणि माझ्या कोपराने ट्रंकेच्या कडेवरचं गाठोडं खाली गेलं.

फार आवाज झाला नाही. गाठोडं उघडलं तर डोलणारा राजा. पोट शाबूत होतं. मान फरशीवर घरंगळत गेली आणि दारात आलेल्या अम्मांच्या पायाशी थांबली.

अम्मा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पूजेची थाळी खाली ठेवली, गुडघे धरून खाली वाकल्या आणि डोकं पदरात घेतलं. एक कान गेला होता. "आईने गाडीत बसतांना हातांत दिलतं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी रसममध्ये मीठ नव्हतं. आम्ही दोघंही मान खाली घालून ते प्यायलो. मला आयुष्यात इतकं लाजिरवाणं कधी वाटलं नव्हतं. अप्पा तर आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसले होते.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. क्लबने कोचला काढून टाकलं.

मी आणि अप्पा एकमेकांकडे बघत राहिलो. अम्मांनी फुटबॉलबद्दल आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न विचारला. "त्या माणसाला बायकापोरं आहेत कां?"

"अम्मा, तो हरत होता म्हणून काढला."

"डोकं काल उडालं. आज काढला." त्या कासावीस झाल्या होत्या. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्या दुपारभर राजाची मान चिकटवत बसल्या. मान बसली, पण चिकटवल्यामुळे डोलायची थांबली. राजा आता एका बाजूला मान करून ताठ. पुढच्या आठवड्यात नवा कोच आला. तो कशालाच हो म्हणत नव्हता. खेळाडूंशीही बोलत नव्हता म्हणतात.

ट्रंक उघडलीच होती, तेव्हा अम्मांनी गोलकीपरला परत आत घातलं नाही. तो फ्रिजवर उभा राहिला, डाळीच्या डब्याला टेकून. अप्पांनी शब्द पाळला. शनिवारी खालून हाक आली, "माप्पिळ्ळै, जर्सी घाला." आयटीच्या मुलाला मी माझ्या हाताने पलीकडच्या खुर्चीवर बसवलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल. (कावेरीला हेही ठाऊक आहे.)

आणि गोलकीपर खरोखर उठला होता. सामनाभर तो उभा होता. ताठ, सावध, डोळे उघडे ठेवून, एकदाही न बसता, न वाकता, न हलता. बॉल त्याच्या डावीकडून गेले, उजवीकडून गेले, डोक्यावरून गेले. तो उभाच.

"उठला काय?" अप्पांनी विचारलं.

"उठलाय अप्पा. अगदी खडखडीत उठलाय."

"मग?"

"थोडक्यात जातायत."

असा आमचा हंगाम संपला. शेवटच्या सामन्यानंतर लोक उठून गेले, ढोलवाली पोरंसुद्धा ढोल न वाजवता गेली. अप्पा बसून राहिले. "तळाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थोडक्यात तळाला." त्यावर ते हसले नाहीत. मला वाटलं, क्लबपेक्षा माझ्याच हाताने यांचं काहीतरी मोडलं आहे.

हंगाम संपला म्हणून डोळ्यांचं ऑपरेशन झालं. छान झालं. नवा चष्मा आला. अप्पा पहिल्याच सकाळी गच्चीवर गेले आणि समोरच्या घरावरचे कावळे मोजून आले. यंदाच्या नवरात्रात पायथ्याशी मैदान नव्हतं, अम्मांनी बदकांचं तळं केलं. वाकड्या मानेचा राजा आपल्या वरच्या पायरीवर परत गेला. विजयादशमीला मी स्टूल आणून, अम्मांच्या देखत, लाकडी राजा-राणींनाच निजवलं. गोलकीपर तोवर फ्रिजवर जागाच होता. यंदा चूक काढायला कुणालाही जागा नव्हती.

नव्या हंगामातला पहिला सामना. अप्पा नव्या चष्म्याने सगळं बघत होते. जवळची बाजू, पलीकडची बाजू, लांबचा गोल, त्याला बांधलेली जाळी. मी नुसता शेजारी बसलो होतो. सांगायला काही उरलं नव्हतं. आमच्या फॉरवर्डने मोकळ्या गोलसमोरून बॉल उचलला आणि तो थेट आमच्या स्टँडच्या छपरावर गेला. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थोडक्यात गे—" आणि मी जीभ चावली.

अप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग छपराकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"इतकीं वर्षं," ते म्हणाले, "अमचे असेच खेळत होते?"

मैदानावर तेवढ्यात बॉल आमच्या गोलकडे निघाला होता. आमची बचावफळी त्याला वाट करून देत होती. अप्पांनी ते एकदा पाहिलं. मग नवा चष्मा काढला, सावकाश पुसला, डबीत घातला, डबी जर्सीत सरकवली आणि डोळे मिटून कान माझ्याकडे केला.

"हं," ते म्हणाले. "सांगा."